गावात वीज आली म्हणजे काय?

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा भारतातील सर्व वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता अवघी १,३६२ मेगावॉट होती. आज एकट्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या टंचाईची कल्पना येते. जी थोडी वीज निर्माण होई, ती मुंबई-कलकत्त्यासारखी शहरे आणि तेथील गिरण्या यांच्याच वाट्याला जाई. देशातील लाखो खेड्यांपैकी वीज पोचलेली खेडी सुमारे १,५०० होती. इतर ठिकाणी दिवस मावळला की कामे आटोपती घ्यावी लागत. चुलीपाशी रॉकेलची चिमणी, ओसरीवर कंदील आणि देवळात समई एवढाच काय तो उजेड. कंदिलाची काच पुसून वात कापण्याचे काम बहुधा घरातील मुलांकडे असे.

ही स्थिती पालटावी म्हणून १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि त्यान्वये निरनिराळ्या राज्यांत वीज मंडळे स्थापन होऊ लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली अस्तित्वात आले. एकामागून एक पंचवार्षिक योजना आखल्या गेल्या. दरवर्षी किती नवी गावे ‘विद्युतीकृत’ झाली, याचे आकडे सरकारी अहवालांतून प्रसिद्ध होऊ लागले. आकडे वाढत होते आणि ते खोटे नव्हते. तरीही ज्या गावाचे नाव यादीत आहे, त्या गावात रात्री पाऊल टाकणाऱ्याला काळोखात चाचपडावे लागे. असे का व्हावे, याचे उत्तर यंत्रांत किंवा तारांत सापडत नाही. ते ‘विद्युतीकृत’ या एका शब्दाच्या अर्थात सापडते.

मराठीत ‘गाव’ या शब्दाने दोन गोष्टींचा बोध होतो. घरे, देऊळ, चावडी आणि पाणवठा मिळून जी वस्ती होते, ती गाव. तिला आपण गावठाण म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात मात्र गाव म्हणजे महसुली हद्द. तिच्यात गावठाणाबरोबर सारे शिवार येते. बोलताना हा भेद कोणी करीत नाही आणि करण्याची गरजही पडत नाही. सरकारी व्याख्येत मात्र तो फार महत्त्वाचा ठरला. ऑक्टोबर १९९७ पर्यंत देशात चालू असलेली व्याख्या अशी होती, की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत समजावे. समजा, गावठाणापासून कोसभर अंतरावर एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर विजेची मोटार बसली. त्या एका मोटारीने सारे गाव यादीत जाई. गावठाणातील शंभर घरांत चिमण्याच जळत असल्या, तरी त्याने नोंदीत फरक पडत नसे.

अशी व्याख्या करणारे लोक निर्दय होते असे समजण्याचे कारण नाही. १९६५-६६ आणि १९६६-६७ ही लागोपाठची दोन वर्षे देशात अवर्षणाची गेली. अमेरिकेतून आलेल्या गव्हावर लोकांना दिवस काढावे लागले. धान्य पिकवावयाचे तर विहिरीचे पाणी उपसले पाहिजे. बैलांच्या मोटेने ते काम कितीसे होणार? म्हणून विजेचा पहिला हक्क विहिरीला मिळाला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला व राज्यांच्या वीज मंडळांना खेड्यांतील कामांसाठी कर्ज देऊ लागला. कर्ज म्हटले की परतफेड आली, आणि परतफेडीच्या दृष्टीने पाहिले तर दिवा हे फारच कच्चे गिऱ्हाईक होते.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ४० वॉटचा एक दिवा रोज ५ तास लावला, तर महिन्याला ६ युनिट वीज खर्च होते. ५ अश्वशक्तीची मोटार ८ तास चालली, तर एका दिवसात जवळजवळ ३० युनिट लागतात. म्हणजे एका झोपडीतील दिव्याला जी वीज पाच महिने पुरते, ती एक मोटार एका दिवसात वापरते. खांब आणि तारा यांचा खर्च मात्र दोघांसाठी अंतराप्रमाणेच येतो. कोणत्या दिशेला तार ओढली जाईल, हे या हिशेबाने ठरून गेले.

दुसरी अडचण तंत्राची होती. खेड्यापर्यंत वीज येते ती बहुधा ११,००० व्होल्ट दाबाने. गावाच्या कडेला दोन खांबांवर बसवलेले रोहित्र हा दाब उतरवते आणि मग घरात २३० व्होल्टची वीज येते. (रोहित्र हा शब्द पुस्तकातला, गावकरी त्याला डीपी म्हणतात.) रोहित्रापासून पुढे उतरलेल्या दाबाची तार फार लांब नेता येत नाही. नेलीच, तर वाटेत दाब घटत जातो आणि शेवटच्या घरातील दिवा काजव्यासारखा मिणमिणतो. दूरच्या वाडीला किंवा डोंगरातील पाड्याला वीज द्यावयाची, तर वेगळे रोहित्र बसवावे लागते. दहा-बारा गरीब घरांसाठी एवढा खर्च करण्यास वीज मंडळ सहसा राजी नसे.

परंतु अंतराचे हे कारण सर्वत्र पुढे करता येत नाही. गावकुसाबाहेरची दलितवस्ती अनेक ठिकाणी गावठाणापासून हाकेच्या अंतरावर असते. तार तेथपर्यंत सहज पोचली असती. ती पोचली नाही, कारण पाणवठ्याच्या बाबतीत जो क्रम शतकानुशतके चालत आला होता, तोच क्रम खांबांनीही धरला. आधी पाटलाचा वाडा, मग पेठ, मग वरची आळी. त्या वेळच्या व्याख्येला यात काही वावगे दिसत नव्हते. १९८८-८९ साली केंद्र सरकारने ‘कुटीर ज्योती’ नावाची योजना सुरू करून गरीब कुटुंबांना एका दिव्याची जोडणी देऊ केली. पण दारापर्यंत तारच नसेल, तर जोडणी कशाला जोडावयाची?

१९९७ साली व्याख्येत पहिला बदल झाला. वीज शिवारात असून भागणार नाही, लोकवस्तीच्या भागात ती वापरली गेली पाहिजे, असे ठरले. शिवार गेले आणि गावठाण आले. मात्र ‘कोणत्याही कारणासाठी’ हे शब्द तसेच राहिले. वस्तीत एक पिठाची गिरणी चालू असली, तरी गाव विद्युतीकृतच.

या व्याख्यांमागे किती अंधार दडला होता, ते २००१ सालच्या जनगणनेने उघड केले. महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व गावे तोवर विद्युतीकृत म्हणून नोंदली गेली होती. जनगणनेची माणसे मात्र गावाला विचारीत नव्हती. ती घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे दिवा कशाचा?’ असे विचारीत होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील १०० घरांपैकी सुमारे ३५ घरांनी विजेशिवाय दुसरे काही सांगितले. देशातील ग्रामीण घरांचा विचार केला, तर विजेचा दिवा १०० पैकी ४४ घरांतही नव्हता. गावांची यादी खरी होती आणि घरांची मोजदादही खरी होती. एकाने हद्द मोजली होती, दुसऱ्याने उंबरे मोजले होते.

२००४ साली जी व्याख्या आली, तिने बरेच पुढचे पाऊल टाकले. लोकवस्तीत रोहित्र व वितरणाच्या तारा असल्या पाहिजेत, आणि गावात दलितवस्ती असेल तर तेथेही त्या असल्या पाहिजेत, असे तिच्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. शाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, दवाखाना, समाजमंदिर अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, आणि गावातील निदान १० टक्के घरांत ती हवी. व्याख्या कडक होताच पूर्वी यादीत असलेली अनेक गावे यादीबाहेर पडली. वीज पोचवावयाच्या गावांची संख्या पुन्हा एक लाखाच्या वर गेली. एक तारही न तुटता, केवळ शब्द बदलल्याने हे झाले. २००६ सालच्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणाने आणखी एक चांगली गोष्ट केली. गाव विद्युतीकृत झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीने द्यावा, आणि पुढे दरवर्षी ३१ मार्चला ती स्थिती कायम आहे की नाही हे तिनेच प्रमाणित करावे, असे त्यात सांगितले आहे. ज्यांच्या घरी दिवा लागावयाचा, त्यांच्याच पंचायतीची सही त्या कागदावर आली. ती सही करताना किती सरपंचांनी दलितवस्तीपर्यंत फेरी मारली असेल, हा प्रश्न वेगळा.

दहा टक्के ही मर्यादा मुळात किमान म्हणून घातलेली होती. १०० घरांच्या गावात १० घरे उजळली, की पुढची ९० आपोआप उजळतील अशी अपेक्षा होती. व्यवहारात किमान मर्यादा गाठली, की यंत्रणा पुढच्या गावाकडे वळे.

ऑगस्ट २०१५ मध्ये उरलेली १८,४५२ गावे १,००० दिवसांत विद्युतीकृत करण्याचा संकल्प पंतप्रधानांनी जाहीर केला. त्यांतील बरीच गावे अतिशय दुर्गम होती. डोंगरात किंवा घनदाट जंगलात, जेथे खांब माणसांनी खांद्यावरून न्यावे लागत, तेथे ती वसलेली होती. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव जोडले गेले आणि देशातील सर्व वस्ती असलेली गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेटावर समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून वीज नेण्यात आली. जगभरचे प्रवासी ज्या बेटावरील लेणी पाहावयास येतात, आणि जेथून मुंबईचे दिवे रात्रभर डोळ्यांसमोर लखलखत असतात, त्या बेटावरील शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या वस्त्या तोपर्यंत डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळचे काही तास काढीत होत्या.

गावांची यादी संपत आली, तरी घरांची उरलीच होती. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ योजना सुरू झाली आणि मोजणीचे एकक गावाऐवजी घर झाले. गरीब कुटुंबांना जोडणी विनामूल्य आणि इतरांना ५०० रुपयांत, तेही दहा हप्त्यांनी, असा तिचा नियम होता. मार्च २०२२ मध्ये ती संपेपर्यंत सुमारे २ कोटी ८६ लाख घरे जोडली गेली. इतक्या थोड्या काळात एवढे काम पूर्वी झाले नव्हते. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी उंबरा मोजला जाऊ लागला, याचा आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता तार दारात आली. पण तारेतून वीज किती वेळ वाहते? २००६ च्या धोरणाने प्रत्येक घराला दिवसाला निदान १ युनिट वीज मिळावी असे म्हटले होते. आजच्या मापाने एवढ्या विजेत ९ वॉटचे दोन दिवे संध्याकाळभर जळतात आणि एक पंखा रात्रभर फिरतो. ही वीज उत्तररात्री दोन वाजता मिळून मात्र उपयोगाची नाही. अभ्यास करणाऱ्या मुलाला ती सात वाजता हवी असते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यांत सर्व ग्राहकांना चोवीस तास पुरवठा द्यावा असे लिहिले आहे. पण शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोगाला कमी तास ठरवता येतील, अशी सवलतही त्यातच आहे.

ही सवलत कोणाच्या अंगावर येते, ते शिवारात गेल्यावर कळते. पूर्वी गावठाण आणि शिवार यांना वीज पुरवणारी वाहिनी एकच असे. मोटारींचा भार कमी करण्यासाठी ती बंद केली, की घरांतील दिवेही जात. महाराष्ट्रात गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा घरांना स्वतंत्र पुरवठा मिळू लागला. शेतीच्या वाट्याला आळीपाळीने दिवसा ८ किंवा रात्री १० तास आले. एके काळी विजेचा पहिला हक्क ज्या विहिरीला होता, तिचा शेतकरी आता हातात विजेरी घेऊन मध्यरात्री बांधावर उभा राहू लागला. थंडीत गव्हाला पाणी देताना पायाखाली काय आहे हे दिसत नाही. उसात बिबट्या असल्याची बातमी असेल, तर घरची माणसेही जागी राहतात.

दिवसाचे ऊन फुकट जात असताना रात्री पाणी का भरावे, या विचारातून २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राजवळच्या सरकारी अथवा पडीक जमिनीवर सौर पट्ट्या उभारावयाच्या आणि त्यांची वीज थेट शेतीच्या वाहिनीवर दिवसा सोडावयाची, अशी तिची रचना आहे. ज्या वाहिन्यांवर हे काम पुरे झाले, तेथे सकाळी ऊन चढू लागले की मोटारी सुरू होतात आणि शेतकरी दिवसाउजेडी पाणी भरून संध्याकाळी घरी परततो.