'गिलावा' : एक शब्द, तीन द्रव्ये

सिन्नरच्या जुन्या वस्तीत घर दुरुस्तीस काढले, की न्हाणीघरातील जुन्या गिलाव्यावरच टाइल बसवता येईल काय, असा प्रश्न निघतो. त्याचे उत्तर बहुधा 'गिलावा' या शब्दापाशीच अडते.

फारसीत 'गिल' म्हणजे चिकणमाती व 'आब' म्हणजे पाणी. या शब्दांपासून झालेल्या रूपाचा मूळ अर्थ मातीचा लेप. पुढे लेपाचे द्रव्य पालटले, नाव मात्र टिकले. परिणामी चुना, सिमेंट व अलीकडचे जिप्सम या तिन्हींच्या लेपांस आपण 'गिलावा'च म्हणतो. अर्थविस्ताराचा हा साधा दाखला न्हाणीघरात महागात पडू शकतो.

सिमेंटचा गिलावा भिंतीस घट्ट असेल, तर त्यावर टाइल बसवता येते. थापीच्या मुठीने ठोकून पाहावे. जेथे 'बद्द' आवाज येईल तेथील गिलावा सुटलेला समजून काढावा व नव्याने भरावा. रंग खरवडून, जाते टाकवतात त्याप्रमाणे पृष्ठभाग छिन्नीने टाकवावा. टाइलचे सांधे पाणी पूर्णपणे अडवीत नाहीत. म्हणून आधी जलरोधक थर द्यावा. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. तिच्यावर साध्या सिमेंटची पकड बसत नाही. भारतीय मानक १५४७७ (२०१९) नुसारचे योग्य चिकटद्रव्य वापरावे.

जिप्समचा गिलावा पाण्याने मऊ पडतो. शिवाय ओलाव्यात जिप्सम व सिमेंट यांच्या संयोगाने एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात व टाइल सुटते. न्हाणीघरातून तो काढूनच टाकावा.

चुन्याची गोष्ट निराळी आहे. दगडमातीच्या भिंतीत पायातून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. टाइलने ही वाट बुजली, की ओल आणखी वर चढते, क्षार मागे साचतात आणि कालांतराने टाइल गिलाव्यासकट सुटते. अशा ठिकाणी तळाशी ओलरोधक थर देऊन, जुन्या भिंतीपासून किंचित अंतर राखून, साडेचार इंची विटांची भिंत बांधावी व तिच्यावर टाइल बसवावी.

तात्पर्य, व्यवसायातील शब्द गोळा करणाऱ्या अभ्यासकाने 'गिलावा' एवढीच नोंद करून थांबू नये. 'कशाचा?' हा प्रश्न कोशकाराइतकाच घरमालकानेही विचारावयास हवा.