गाडी कुठवर आली गं?

मैत्रिणींनो, आपल्या आयुष्यातले किती तास बसची वाट बघण्यात गेले, याचा हिशेब मांडलाय का कधी? आपण दुधाचा हिशेब ठेवतो, भिशीचा ठेवतो, शेजारणीकडून आणलेल्या वाटीभर साखरेचासुद्धा ठेवतो. पण फाट्यावरच्या चिंचेखाली, पिशव्या पायाशी ठेवून काढलेले तास कुठल्याच वहीत नसतात. वर घरी पोचल्यावर "इतका उशीर?" हा प्रश्न तयारच असतो!

१७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. तिकीट अर्धं झालं खरं, वाट बघणं मात्र पूर्णच राहिलं. आता मोबाइलवर बस कुठवर आली ते दाखवणारी अ‍ॅप आली आहेत. मुंबईत बेस्टच्या बस २०२१च्या डिसेंबरपासून 'चलो' अ‍ॅपवर दिसू लागल्या. पुण्यात २०२४मध्ये 'आपली पीएमपीएमएल' आलं. पण शहरात एक बस चुकली तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. आपल्याकडे साडेपाचची गेली की थेट उद्या सकाळी. मग आपल्यासारख्या गावातल्या बायकांसाठी असं अ‍ॅप करायचं झालं, तर ते कसं असावं?

या प्रश्नात मी ओढली गेले ती माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने आमच्याच तालुक्याच्या बसचं अ‍ॅप करायला घेतलं. दिवाळीत आली ती लॅपटॉप घेऊनच. "मावशी, बघ!" पडद्यावर नकाशा, त्यावर निळी रेघ आणि रेघेवरून सरकणारी चिमुकली लाल बस. मला तर फार कौतुक वाटलं. शेजारच्या काकूही आल्या. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "छान आहे गं, पण मी घरातून कधी निघू?"

भाची गप्प. नकाशात सगळं होतं, एवढंच नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी वही घेऊन स्टँडवर जाऊन बसायला लागलो. उपकेंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या, "गाडी कुठंय ते नको सांगू, किती वेळ आहे ते सांग. वीस मिनिटं असतील तर मी तेवढ्यात रजिस्टर लिहून टाकीन." अंगणवाडीच्या ताईंचा नेटपॅक संपला होता. भाजीवाल्या आजींकडे बटणांचा फोन, आणि वाचता येत नाही. एक नवी सून हळूच म्हणाली, "फोन ह्यांच्याकडेच असतो दिवसभर."

थांब्यांच्या नावांची तर वेगळीच गंमत. कागदावर जे नाव, ते कुणाच्या तोंडात नाही. एकाच विनंती थांब्याला कुणी 'डेअरी' म्हणतं, कुणी 'पिंपळाचा पार', तर कुणी फाट्यापुढच्या गावाचं नाव घेतं. भाचीने तिन्ही नावं वहीत उतरवली. यातलं कुठलंही लिहिलं, मराठीत लिहिलं किंवा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, तरी थांबा सापडला पाहिजे, असं ठरलं.

हळूहळू अ‍ॅपचं रूप बदलत गेलं. नकाशा मागे गेला. उघडल्याबरोबर ठळक अक्षरांत एकच ओळ, 'तुमच्या थांब्यावर सुमारे १५ मिनिटांत'. खाली लहान अक्षरांत, 'ही माहिती ३ मिनिटांपूर्वीची'. अक्षरं उन्हातही दिसतील अशी, काळी पांढऱ्यावर. नेट नसेल तेव्हा निदान वेळापत्रक तरी दिसावं म्हणून ते फोनमध्येच साठवलेलं. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी फाट्यावरच्या किराणा दुकानदाराला गळ घातली. तो आपल्या फोनवर बघून दाराशी पाटीवर खडूने वेळ लिहू लागला. आजींना मात्र तो ओरडूनच सांगतो!

हे सगळं चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. बसमध्ये जीपीएसचं यंत्र असतं. ते किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ओळखतं आणि आतल्या सिमकार्डावरून ती मुख्य कॉम्प्युटरला कळवतं. तो ती जागा वेळापत्रकाशी ताडून बघतो आणि आपल्याला मिनिटं सांगतो. या साखळीतली एक कडी तुटली की गडबड! घाटात रेंज गेली, किंवा ऐनवेळी गाडी बदलली आणि ते कॉम्प्युटरला कुणी कळवलंच नाही, तर पडद्यावर बस येत राहते आणि रस्त्यावर येतच नाही. म्हणून तर 'ही माहिती किती जुनी' ही ओळ महत्त्वाची. आणि खरोखर काहीच कळत नसेल, तर 'गाडीचा पत्ता लागत नाही' असं सरळ लिहायचं. खोट्या दहा मिनिटांपेक्षा ते परवडलं. निदान बाई दुसरी सोय तरी बघेल.

यात एका बाईचा मोठा हात आहे, हे मला भाचीनेच सांगितलं. अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या बससेवेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना एक गोष्ट खटकत होती. मोटारीने जायचा रस्ता कॉम्प्युटरवर चुटकीसरशी मिळतो, मग बसने कसं जायचं ते का नाही? त्यांनी गूगलला गाठलं. २००५च्या डिसेंबरमध्ये गूगलवर पोर्टलंडच्या बस दिसू लागल्या. वेळापत्रक साध्या तक्त्यांत लिहिण्याची तेव्हा ठरलेली पद्धत आज जगभर वापरतात. भाचीने तेच तक्ते भरले. त्यात मध्यरात्रीनंतर पोचणाऱ्या बसची वेळ चक्क २५ वाजून १० मिनिटं अशी लिहितात! कारण दिवस बदलला तरी फेरी तीच असते. हे ऐकून नर्सताई म्हणाल्या, "आमच्या रात्रपाळीचं पण असंच लिहा की!"

अमेरिकेतल्याच सिअ‍ॅटल शहरात २००८ साली दोन विद्यार्थ्यांनी, ब्रायन फेरिस आणि कारी वॉटकिन्स यांनी, 'वनबसअवे' सुरू केलं. स्मार्टफोन नसलेल्यांनाही साध्या फोनवरून थांब्याचा नंबर सांगून किंवा एसएमएस करून बसची वेळ विचारता यायची. त्यांनी थांब्यांवर जाऊन पाहणीही केली. २०११मध्ये निष्कर्ष छापून आला, तो आपल्या मनातलाच आहे. बसची वेळ माहीत नसली की वाट बघण्याचा वेळ असतो त्याहून जास्त वाटतो. वेळ कळली की तसं होत नाही. थांब्यावर उभं राहणंही साधारण दोन मिनिटांनी कमी झालं. बस तीच, रस्ता तोच, फक्त जीव टांगणीला लागत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. भाचीकडे बसच्या यंत्रांची माहिती नव्हती, तिच्याकडे होते फक्त प्रवाशांचे फोन. म्हणून तिने एका मार्गावर कॉलेजच्या चार मुलींना तयार केलं. बसमध्ये चढलं की अ‍ॅप सुरू करायचं, मग त्यांच्या फोनवरून बस कुठे आहे ते बाकीच्यांना कळणार. (अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये असा प्रयोग २०११मध्ये झाला आहे.) त्यातली एक अकरावी सायन्सची. प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालायचं आणि साडेपाचच्या गाडीचा भरवसा नाही म्हणून तिचे वडील कॉलेज सोडवायच्या विचारात होते. आई आम्हाला म्हणाली, "गाडी फोनवर दिसली तर ह्यांना दाखवता येईल. पोरीचं शिक्षण वाचेल." मग जरा थांबून, "आणि पोरगी कुठंय, तेपण दिसेल का?" मुलीने चटकन मान खाली घातली. भाची काहीच बोलली नाही.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून पडद्यावर बघत होतो. लाल बस फाट्यावर आली, थांबली, डांबरी रस्ता सोडून वस्तीच्या बोळात शिरली आणि एका घराच्या दारात जाऊन उभी राहिली. आधी आम्हाला हसूच फुटलं. मग लक्षात आलं. ती बस नव्हतीच, ती मुलगी होती. उतरताना अ‍ॅप बंद करायला विसरली, आणि तिच्या घराचा रस्ता अ‍ॅप असलेल्या प्रत्येकाच्या फोनवर उमटला. तिच्या आईला बोलावून ते दाखवलं, तेव्हा तीच म्हणाली, "नको गं बाई, हे नको. गाडीच दाखव फक्त."

त्या रात्री भाचीने बरंच काही बदललं. मुलीचं नाव, नंबर कुठेच साठवायचा नाही. निदान दोन फोन एकाच रस्त्याने, एकाच वेगाने सरकत असतील तरच ती बस मानायची. मुलीचा थांबा यायच्या एक थांबा आधीच अ‍ॅप आपोआप बंद. पुढचे अंतर अंदाजाने. वेळ दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालेल. बसचा माग काढायचा, मुलीचा नाही.

पुढच्या महिन्यात एकदा गाडी घाटात पंक्चर झाली. अ‍ॅपवर आलं, 'गाडी २५ मिनिटं जागची हललेली नाही'. मुलीच्या वडिलांनी ते वाचलं, स्टँडवर चौकशी केली आणि जेवायला बसले. रागावले नाहीत, शोधायला धावलेही नाहीत. "वार्षिक परीक्षेपर्यंत बघू," एवढं म्हणाले. तेवढंसुद्धा पुष्कळ आहे.

आता तुमच्या उपयोगाचं. असं कुठलंही अ‍ॅप घेतलंत तर माहिती किती मिनिटांपूर्वीची आहे ते आधी बघा. अ‍ॅपला तुमची जागा फक्त 'वापरताना' कळू द्या, आणि फोनमधले नंबर मागत असेल तर देऊ नका. बस कुठंय ते सांगायला तुमच्या माहेरचे नंबर कशाला हवेत? आणखी एक. रिक्षा सोडून १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा कळवणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण असणं बंधनकारक आहे. बसमध्ये चढलात की ते बटण कुठं आहे ते बघून ठेवा, मुलींनाही दाखवा. आणि पडद्यावर दिसलेली गाडी आलीच नाही, तर नुसतं चडफडू नका. आगारात तक्रार वही असते. तारीख, वेळ, मार्ग लिहून सही करा. अ‍ॅप गाडी दाखवतं, गाडी आणत नाही. ती आणायला आपल्यालाच लिहावं लागतं.

आणि हो, उद्या तुमच्या गावात कुणी पोरंपोरी असं काही करायला आली, तर "आम्हाला काय त्यातलं कळतं" असं म्हणू नका. कुठली गाडी बाजाराच्या दिवशी उशिरा येते, कुठल्या थांब्यावर संध्याकाळी दिवा नसतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? शेजारी बसवून घ्या आणि सगळं सांगा.