संस्कृतीच्या नावाने कोण बोलते?

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही. आठ देश तटस्थ राहिले. या आठांपैकी दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी वर्णभेदवादी पक्ष सत्तेवर आला होता. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांना राज्यसंस्थेच्या सार्वभौमत्वाची काळजी होती. सौदी अरेबियाचा आक्षेप मात्र उघडपणे धर्म-संस्कृतीचा होता. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य आणि विवाहविषयक कलम त्याला मान्य नव्हते. त्याच सभेत पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी कुराणाचाच आधार घेऊन धर्मस्वातंत्र्याच्या कलमाला पाठिंबा दिला. धर्म एक आणि उत्तरे दोन, हे पहिल्याच दिवशी दिसले.

हा जाहीरनामा पाश्चात्त्यांनी जगावर लादला, असा आरोप नेहमी होतो. तो अर्धाच खरा आहे. आशिया-आफ्रिकेतले बरेच देश तेव्हा पारतंत्र्यात होते; त्यांना मतच नव्हते. पण मसुदा घडवणाऱ्यांत चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक हे आघाडीवर होते. भारताच्या हंसा मेहता यांनी पहिल्या कलमात स्त्रियांचा समावेश निःसंदिग्ध असावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

राष्ट्राचा इतिहास आणि त्यातून घडलेली ओळख यांमुळे हक्कांचा अर्थ बदलतो, यात शंका नाही. अमेरिकेत नाझी चिन्ह घेऊन मोर्चा काढण्याला राज्यघटनेचे संरक्षण मिळू शकते. जर्मनीत तेच चिन्ह जाहीरपणे मिरवणे किंवा ज्यूंचा संहार झालाच नाही असा प्रचार करणे, हा फौजदारी गुन्हा आहे. दोन्ही देश अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानतात. एकाला सरकारच्या अधिकाराचे भय वाटते, दुसऱ्याला १९३३ ते १९४५ या वर्षांचे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये स्वीकारताना अमेरिकेने द्वेषाच्या चिथावणीवर बंदी घालणारे कलम स्वतःला बंधनकारक न मानण्याची मुभा राखून ठेवली. ‘आमचे वेगळे आहे’ असे म्हणणारे फक्त पूर्वेकडेच असतात, असे नाही. स्वित्झर्लंडचेच पाहा. थेट लोकशाही ही तिथली राष्ट्रीय शान, पण मतदार पुरुषच असल्याने स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळायला १९७१ साल उजाडले.

या वादाला धार आली ती १९९० च्या दशकात. सिंगापूरचे ली क्वान यू आणि मलेशियाचे महाथीर मोहम्मद ‘आशियाई मूल्यां’चा पुरस्कार करू लागले : व्यक्तीपेक्षा कुटुंब व समाज मोठा, वादापेक्षा एकोपा मोलाचा, आधी विकास, मग स्वातंत्र्य. आर्थिक भरभराटीने त्यांच्या बोलण्याला वजनही आले होते. १९९३ मध्ये बँकॉकला जमलेल्या आशियाई सरकारांनी हक्क सार्वत्रिक असल्याचे मान्य केले, पण देशोदेशीची ऐतिहासिक, सांस्कृतिक व धार्मिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, असे बजावले. त्याच शहरात आशियातल्या स्वयंसेवी संस्थांनीही आपला जाहीरनामा काढला आणि संस्कृतीच्या नावाखाली हक्क डावलायला, विशेषतः स्त्रियांचे हक्क डावलायला, नकार दिला. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग यांनी ली यांना लेखातून उत्तर दिले. जुलमी राजाला हटवण्याचा प्रजेचा अधिकार चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने फार पूर्वीच सांगितला होता, याची त्यांनी आठवण दिली. किम यांना १९८० मध्ये लष्करी राजवटीने फाशीची शिक्षा सुनावली होती. १९९८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. संस्कृतीची ढाल सहसा सत्ताधाऱ्यांच्या हाती दिसते, तुरुंगातल्या माणसाच्या हाती क्वचितच.

महाराष्ट्राने हा वाद त्याआधीच कोर्टात पाहिला होता. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि डिसेंबरमधल्या परिषदेत १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा दावा विरोधकांनी गुदरला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : रूढी इतकी प्राचीन असल्याचे सिद्ध झालेले नाही. परंपरेच्या नावाने केलेला दावा पुराव्यावर तपासता येतो, हे या निकालाने दाखवून दिले.

२००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांना जातीचा प्रश्न तिथे मांडायचा होता. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका होती. शास्त्रदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण जन्मावरून होणारा भेदभाव सोसणाऱ्याला त्या फरकाने काय दिलासा मिळणार? अंतिम मसुद्यात जातीचा उल्लेख आला नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभावात जातही येते, असा अर्थ लावला. भारत सरकारने तो मान्य केलेला नाही.