प्रीमियर पद्मिनीचा पाटा

वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुका दख्खनच्या काळ्या दगडावर वसलेला असून, त्या दगडाच्या झिजेतून तयार झालेली माती जशी इथल्या सोयाबीन-तुरीला पोसते, तशीच ती रस्त्यांची कसोटीही पाहते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसणारी ही माती आपल्या अंगावरचा रस्ताही हलवते, त्यामुळे खड्डे बुजवले तरी त्याला लाटांसारखा उंचसखलपणा येतो. अशा मुलखात जुनी मोटार नीट चालवायची, तर इंजिनाइतकाच विचार तिच्या मागच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाके व बॉडी यांच्यामध्ये बसून धक्के पचवणाऱ्या व्यवस्थेचा, करावा लागतो. महाराष्ट्रात घडलेल्या आणि महाराष्ट्राने मनापासून आपल्या मानलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या आधारे हा विचार उत्तम रीतीने मांडता येतो.

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार मोटारी तयार होऊ लागल्या. 1964 मध्ये आलेली फियाट 1100 डिलाइट हीच गाडी पुढे 1974 मध्ये पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे 1089 सीसीचे इंजिन जितके साधे, तितकीच तिच्या मागच्या चाकांची मांडणीही साधी आहे : दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल, त्याला दोन्ही बाजूंनी पेलणारे पोलादी पाट्यांचे जुडगे आणि त्यांच्या जोडीला तेलाचे शॉकअप. लंडनमध्ये ओबडाया इलियट यांनी 1804 मध्ये घोडागाडीसाठी ज्या कमानदार स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि जिची भावंडे टांग्याखाली दिसत, त्याच कुळातली ही स्प्रिंग आहे.

जुडग्यातील सर्वांत लांब पाट्याला मेन पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा बॉडीला पिनने बसतो, तर मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेला असतो, कारण वजनाखाली कमान सपाट होताना पाट्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात, त्यांना मधोमध सेंटर बोल्ट एकत्र धरतो आणि यू-बोल्ट त्यांना अ‍ॅक्सलवर आवळतात. हे पाटे केवळ वजन पेलत नाहीत. अ‍ॅक्सलला जागच्या जागी ठेवणे आणि गाडी वेग घेताना किंवा ब्रेक लागताना त्याला बसणारा पीळ सोसणे, हेही काम तेच करतात. म्हणूनच पाटे काढून गुंडाळी स्प्रिंग बसवायची, तर अ‍ॅक्सलला धरणारे दांडे नव्याने द्यावे लागतात. महिंद्राच्या थारमध्ये हाच फरक दिसतो : 2010 च्या थारला मागे पाटे होते, तर 2020 च्या थारला गुंडाळी स्प्रिंगबरोबर असे दांडे मुळातूनच दिलेले आहेत.

जुन्या पद्मिनीचे जुडगे सोडवले, की बिघाडाची गोष्ट तिथे लिहिलेलीच सापडते. पाट्यांच्या मधून तांबूस गंजाची पूड गळते, खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यावर खाच पाडलेली असते आणि डोळ्यातला रबरी बुश झिजून लंबगोल झालेला असतो. गंजाने जखडलेले पाटे एकमेकांवरून घसरत नाहीत, म्हणून लहान धक्के थेट आसनापर्यंत पोहोचतात. मोठ्या धक्क्याला मात्र थकलेली कमान पुरी बसते.

मालवाहू गाड्यांच्या सवयीने यावर जादा किंवा अधिक जाड पाटा टाकण्याचा उपाय सुचवला जातो. पण पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. 7 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला, तर जाडी सातव्या हिश्शाने वाढते, पण ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. शिवाय मागची बाजू उचलली गेल्याने इंजिनाची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला देणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याच्या सांध्यातील क्रॉसवर ताण येतो आणि रिकामी गाडी उसळू लागते.

शॉकअपचे काम याहून वेगळे आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना ती शक्ती उष्णतेत जिरते. प्रवासी मोटारीच्या स्प्रिंगवरची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. समजा रस्त्यावर दर दहा मीटरला एक लाट आहे आणि गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने चालली आहे, तर सेकंदाला सुमारे 1.4 लाटा तिच्याखालून जातात. रस्त्याचा ताल आणि गाडीचा ताल जुळतो, आणि शॉकअप निकामी असेल तर प्रत्येक लाटेगणिक झोका वाढत जातो. काळ्या मातीवरच्या रस्त्यासाठी चांगला शॉकअप हीच म्हणून पहिली सुधारणा ठरते.

दुसरी सुधारणा पाटे मोकळे करण्याची : ते घासून स्वच्छ करावेत, टोकांशी घसरण देणाऱ्या नायलॉनच्या चकत्या बसवाव्यात आणि बुश बदलावेत. कमान उतरली असेल, तर पाटा भट्टीत तापवून नुसता ठोकून भागत नाही. तापवलेल्या पोलादाला पुन्हा योग्य पाणी दिले नाही, तर ते मऊ राहून बसते किंवा ठिसूळ होऊन तुटते. जुडगे सोडताना ते शिकंज्यात धरूनच सेंटर बोल्ट काढावा, कारण आवळलेल्या कमानींत साठलेला जोर एकदम सुटतो.

मूळ रूप जपण्याला कायद्याचेही पाठबळ आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही. तर 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळण्यासाठी तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. पहिल्या पद्मिनींनी ती पन्नाशी आता गाठली आहे. गुंडाळी स्प्रिंगसाठी बॉडीला दांडे वेल्ड करण्यापेक्षा मूळ मांडणीला तिची हरवलेली हालचाल परत देणे हीच त्यांची खरी सेवा होय, आणि त्या सेवेचे मर्म कामाच्या शेवटच्या पायरीत दिसते : रबरी बुशांचे नट गाडी स्टँडवर लटकत असताना आवळले, तर चाके टेकताच रबर कायमचे पिळले जाते, म्हणून ते आधी सैल ठेवावेत, गाडी आपल्या चाकांवर उतरवावी, तिचे वजन पाट्यांवर पूर्ण बसू द्यावे आणि मगच शेवटचा पिळा द्यावा.