गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत : मिशनरी एवढ्या दूर का जातात?

दारावर कुणी बायबल घेऊन आलं, किंवा वर्गमैत्रिणीने आपल्या मुलीला चर्चमध्ये बोलावलं, की घरात प्रश्न निघतोच : अनोळखी लोकांपर्यंत जायची या मंडळींना एवढी ओढ कशासाठी?

मुळाशी आहे मत्तयच्या शुभवर्तमानाचा शेवटचा, २८वा अध्याय. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, असं येशू तिथे सांगतो. ‘राष्ट्र’ या अर्थी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यात आजचे देश नव्हे, तर लोकसमूह अभिप्रेत आहेत. १९७४ साली लोझानच्या परिषदेत राल्फ विंटर या अमेरिकन अभ्यासकाने नेमकं यावर बोट ठेवलं. देशात चर्च आहे म्हणून काम झालं असं नाही. शेजारच्याच वस्तीत भाषा वेगळी, जात वेगळी, तर सुवार्ता तिथे पोहोचलेलीच नसते. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला हे ऋण वाटतं. आपल्याला लाभलेलं दुसऱ्यापासून लपवून कसं ठेवायचं?

ही ओढ त्याआधीच आपल्याकडे येऊन पोहोचली होती. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि प्रार्थनेत त्यांनी परदेशी जाण्याचा विचार मांडला. त्यातूनच १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू! परत पाठवण्याचे हुकूम निघाले, तरी दोघं टिकले. त्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल मात्र हिंदुस्थानात थारा न मिळाल्याने मॉरिशसला गेली आणि तिथेच वारली. वय अवघं १९.

हॉल मराठी शिकला, बायबलच्या भाषांतराला लागला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. बाप्तिस्मा घेणारे त्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले. पण शाळा निघाल्या, छापखाना निघाला. निर्णयसागरचे जावजी दादाजी टाइपाचं काम त्याच छापखान्यात शिकले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झालं.

‘न पोहोचलेले’ हा शब्द मात्र मला खटकतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात काहीच पोहोचलं नव्हतं का? याचं उत्तर रेव्हरंड टिळकांकडे सापडतं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकाराम सोडला नाही. अभंग आणि कीर्तनातूनच ख्रिस्त सांगितला. त्या निर्णयाने घराचं काय झालं, तेही लपलेलं नाही. लक्ष्मीबाईंनी त्या ताटातुटीबद्दल ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंय. काही वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळी.

लक्ष्मीबाईंना मिळाला तेवढा अवकाश सगळ्यांनाच मिळतो असं नाही. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण बंदी मोडून अंदमानच्या नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला आणि मारला गेला. बाहेरच्या साध्या रोगानेही ती छोटी जमात संपू शकते, म्हणून तर ती बंदी आहे. तिथल्या लोकांनी बाणांनी दिलेला नकार ऐकायला हवा होता, असं अनेक ख्रिस्ती लोकांनीही तेव्हा म्हटलं.

पानगळ बघायला बर्कशायरकडे गेलात, तर विल्यमस्टाउनला थांबा. गंजीच्या जागी १८६७ मध्ये उभारलेला दगडी स्तंभ आहे, वर पृथ्वीचा गोल. मुलांना त्यावरची मुंबई दाखवा.