जुनी व आधुनिक क्रँकबेट आमिषे : एक तुलनात्मक विवेचन (दख्खनमधील लहान जलाशयांच्या संदर्भात)

प्रस्तावना

गळाने मासे पकडण्याची कला दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, गळ, दोर व आमिषे यांचे वर्णन आढळते. सुप्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गांडूळ, पिठाची गोळी यांसारखी पारंपरिक आमिषे माशाला खाद्य देऊ करतात. कृत्रिम आमिष मात्र केवळ हालचालीने खाद्याचा आभास निर्माण करते. अशा आमिषांपैकी 'क्रँकबेट' हा अमेरिकेत बास माशाच्या हौशी मासेमारीसाठी विकसित झालेला प्रकार होय. लहान माशाच्या आकाराचे तरंगते शरीर, पुढे बसवलेला चपटा ओठ आणि पोटाखाली व शेपटीशी तिहेरी गळ अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. रीळाची मूठ फिरवून ते ओढले जाते, यावरून त्यास हे नाव पडले.

जुनी लाकडी आमिषे श्रेष्ठ की आधुनिक प्लास्टिकची, हा हौशी मासेमारांमधील जुना वाद आहे. प्रस्तुत लेखात या वादाचे शास्त्रीय अंगाने विवेचन केले असून, त्यातून मिळणारा निष्कर्ष राळेगणसिद्धीसारख्या पर्जन्यछायेतील गावांच्या तलावांना कितपत लागू पडतो याचाही विचार केला आहे.

ऐतिहासिक विकास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगन राज्यातील डोवाजिअ‍ॅक येथे जेम्स हेडन यांनी लाकूड कोरून आमिषे तयार करण्यास आरंभ केला. इंडियाना राज्यातील गॅरेट येथील क्रीक चब कंपनीने आपल्या लाकडी आमिषांना धातूचा ओठ बसवून त्यांना पाण्याखाली डुलत जाण्याची क्षमता दिली. फिनलंडमध्ये लॉरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाच्या लाकडापासून पहिले आमिष कोरले. त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चकचकीत कागद गुंडाळून, छायाचित्रांच्या वितळवलेल्या फितींचा लेप दिला होता. पुढे त्यांनी बाल्सा लाकडाचा वापर सुरू केला.

1960च्या दशकाच्या अखेरीस टेनेसी राज्यातील फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडापासून चौकोनी ओठाचे, गुबगुबीत 'बिग ओ' हे आमिष हाताने कोरले. त्याला इतकी मागणी आली की 1970च्या दशकात कॉटन कॉर्डेल यांनी त्याची प्लास्टिकमधील आवृत्ती कारखान्यात काढली. या घटनेपासून क्रँकबेटच्या आधुनिक युगाचा आरंभ मानता येतो. त्यानंतर साच्यातील उत्पादन, आत खुळखुळणाऱ्या गोळ्या, आणि फेकताना शेपटीकडे सरकून ओढताना पुढे येणारे वजन अशा सुधारणा होत गेल्या.

कार्यपद्धती

ओठावर पाण्याचा दाब पडल्याने आमिष खाली बुडते, तर शरीराची उत्प्लावकता त्यास वर ढकलते. या दोन बलांच्या ओढाताणीतून आमिषाची खोली ठरते. लांब व जवळजवळ आडवा ओठ आमिषास खोल नेतो. आखूड व उभा ओठ त्यास पृष्ठभागाजवळ ठेवतो. ओठामागे दोन्ही बाजूंना आळीपाळीने भोवरे निर्माण होतात आणि त्यामुळे शरीर डावीकडे-उजवीकडे डुलते. ओढण्याची गती वाढली की कंपनांची वारंवारताही वाढते.

मासा ही कंपने शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेषेच्या साहाय्याने ओळखतो. त्यामुळे गढूळ पाण्यात, जेथे दृष्टीचा उपयोग मर्यादित असतो, तेथेही आमिषाचे अस्तित्व त्याला जाणवते. आमिष दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर आपटून अचानक दिशा बदलते, तेव्हा पुष्कळदा मासा झडप घालतो, असा मासेमारांचा अनुभव आहे.

लाकूड व प्लास्टिक : गुणधर्मांची तुलना

बाल्साची घनता पाण्याच्या सुमारे एक षष्ठांश असते. म्हणून बाल्साचे आमिष अडथळ्यावर आपटल्यावर चटकन वर येते आणि मंद गतीतही स्पष्ट डुलते. याउलट आमिषांसाठी प्रचलित असलेल्या एबीएस प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक असते. ते तरंगावे म्हणून शरीर पोकळ ठेवावे लागते. मात्र या पोकळीमुळेच खुळखुळणाऱ्या गोळ्या व सरकते वजन बसवणे शक्य झाले. बाल्सा मऊ असल्याने दगडावर आपटून चिरते, लेप फुटल्यास पाणी शोषते आणि हलके असल्याने वाऱ्याविरुद्ध दूर फेकले जात नाही. टिकाऊपणा व फेक या दोन्ही बाबतींत प्लास्टिक सरस ठरते.

परंतु दोहोंतील खरा भेद द्रव्याइतकाच उत्पादनपद्धतीचा आहे. हाताने कोरलेल्या दोन आमिषांचा गुरुत्वमध्य तंतोतंत एका जागी येत नाही. काही आमिषे एका बाजूस कलंडतात आणि निरुपयोगी ठरतात. काही मात्र स्थैर्याच्या सीमेवर राहून मधूनच सरळ मार्ग सोडतात व पुन्हा मार्गावर येतात. ही अनियमित चाल मासेमारांना विशेष प्रिय असते. साच्यातील उत्पादनात कलंडणारी आमिषे कमी होतात, परंतु त्याच कारणाने अशी भाग्यवान अपवादात्मक आमिषेही विरळ होतात.

अर्थात प्लास्टिकची सर्व आमिषे एकसारखी असतात असे नाही. ओक्लाहोमातील स्टॉर्म कंपनीचे 'विगल वॉर्ट' हे 1970च्या दशकातील आमिष प्लास्टिकचेच होते. 1999 मध्ये ही कंपनी रापालाच्या मालकीची झाली. त्यापूर्वीच्या आमिषांची चाल अधिक अनियमित असल्याच्या समजुतीमुळे ती आजही चढ्या भावाने विकली जातात. तेव्हा 'लाकूड विरुद्ध प्लास्टिक' यापेक्षा 'विविधता विरुद्ध एकसारखेपणा' अशी या वादाची मांडणी करणे अधिक युक्त ठरेल.

तुलनेच्या मर्यादा

जुन्या आमिषांच्या बाजूने नेहमी एक पुरावा दिला जातो. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी क्रीक चब कंपनीच्या आमिषावर सुमारे 10.1 किलो वजनाचा बास पकडला, आणि हा जागतिक विक्रम आजतागायत अबाधित आहे. 2009 मध्ये जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. पण त्यांनी जिवंत मासा आमिष म्हणून वापरला होता. एका माशावरून आमिषाची श्रेष्ठता सिद्ध होत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

शिवाय मासाही बदलतो. इलिनॉय राज्यातील रिज सरोवरातील बास माशांवर दीर्घकाळ चाललेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, गळाला सहज लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असल्याचे दिसून आले. ज्या पाण्यात वर्षानुवर्षे मासेमारी होते व पकडलेले मासे काढून नेले जातात, तेथे सहज फसणारे मासे कमी होत जाण्याचा संभव असतो. म्हणून 'पूर्वीची आमिषे अधिक मासे पकडत' या विधानात आमिषाचा वाटा किती व पूर्वीच्या अननुभवी माशांचा किती, हे वेगळे केल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही.

दख्खनच्या संदर्भात उपयुक्तता

आमिष हे विशिष्ट मासा व विशिष्ट पाणी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते, हे मान्य केल्यास पुढचा प्रश्न आपल्या पाण्याचा येतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पाणलोट विकासाचे काम उभे राहिले. नालाबंडिंग, समतल चर व पाझर तलाव यांद्वारे अल्प पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यात आले. पाझर तलावाचे प्रयोजनच पाणी मुरवणे हे असल्याने पावसाळ्यानंतर त्याची पातळी उतरत जाते. अशा उथळ व गढूळ पाण्यात तीन-चार मीटर बुडणारे आधुनिक आमिष तळाच्या गाळात रुतणार. तत्त्वतः तेथे आखूड ओठाचे, चटकन वर येणारे, म्हणजे जुन्या बाल्साच्या गुणांचे आमिषच योग्य ठरते.

माशांचा विचार केल्यास मर्यादा आणखी स्पष्ट होते. महाराष्ट्रातील तलावांत प्रामुख्याने कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडले जाते. कटला प्लवंग गाळून खातो, रोहू मुख्यतः वनस्पतिजन्य अन्नावर जगतो, तर मृगळ तळातील सेंद्रिय द्रव्ये खातो. पळत्या माशाची नक्कल करणारे आमिष त्यांच्या दृष्टीने निरर्थक होय. मरळ हा शिकारी मासा मात्र त्यावर झडप घालू शकतो. सह्याद्रीतील नद्यांतला महसीरही कृत्रिम आमिषाला लागतो. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या 1873 मधील 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथापासून महसीराच्या मासेमारीची चर्चा होत आली आहे.

आमिषाला साजेसा मासा नसेल तर तो बाहेरून आणावा, हा विचार मात्र घातक आहे. जपानमध्ये 1925 मध्ये आशी सरोवरात सोडलेला बास पुढे देशभर पसरला, आणि 2005 मध्ये त्याला आक्रमक परकीय प्रजाती म्हणून कायद्याने निर्बंधाखाली आणावे लागले. आपल्याकडे आफ्रिकन मांगूर माशावर 2000 मध्ये बंदी येऊनही त्याचे छुपे संवर्धन चालूच राहिले. याशिवाय अनेक तलावांचे मासेमारी हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तुटून पाण्यात राहिलेला तिहेरी गळ त्यांच्या जाळ्यांना, पाण्यात उतरणाऱ्या जनावरांना व माणसांना अपाय करू शकतो. मग आमिषाचे शरीर लाकडी असो वा प्लास्टिकचे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टिकाऊपणा, फेक व सातत्य यांत आधुनिक क्रँकबेट सरस आहे. तर उथळ पाण्यातील उसळी व चालीतील अनियमितता यांत चांगले जुने आमिष आजही सरस ठरते. परंतु दोहोंपैकी कोणतेही सर्वत्र श्रेष्ठ नाही. यंग किंवा रापाला यांचे यश त्यांनी आपले पाणी व त्यातील मासे बारकाईने न्याहाळण्यात होते. ती आमिषे जशीच्या तशी आयात करण्यापेक्षा ही निरीक्षणदृष्टी आत्मसात करणे अधिक मोलाचे आहे. ज्या गावांनी पावसाचा थेंब थेंब अडवून तलाव भरले, तेथे गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्यात कोणते मासे आहेत, ते काय खातात आणि त्यावर कोणाचा चरितार्थ चालतो, याची माहिती घेणे अगत्याचे आहे. प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील एखाद्या तलावाची अशी नोंद ठेवल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अभ्यासाचे एक चांगले क्षेत्र उपलब्ध होईल.