यकृताचा कर्करोग आणि जोडणीचे सूत्रधार

कर्करोगाच्या बळींत यकृताचा कर्करोग जगभरात तिसऱ्या क्रमांकावर आहे; एकट्या २०२० साली त्याने सुमारे ८ लाख ३० हजार माणसं नेली. या रोगात बिघडणाऱ्या जनुकांच्या याद्या आता पुष्कळ झाल्या आहेत. पण जनुक शाबूत असूनही त्यातून भलतंच प्रथिन निघू शकतं, याकडे लक्ष जायला फार उशीर झाला, असं मला वाटतं.

जनुकातला मजकूर सलग नसतो, हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करताना वेगवेगळं दाखवून दिलं. आरएनएची कच्ची प्रत निघाली की मधले इंट्रॉन छाटले जातात आणि उरलेले एक्झॉन जोडले जातात. हेच स्प्लायसिंग, १९९३ चं नोबेल या शोधाला मिळालं. अनेक एक्झॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जनुकांत ही जोडणी एकाहून जास्त प्रकारे होते. कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे मुख्यतः आरएनएला चिकटणारी नियंत्रक प्रथिनं ठरवतात.

कर्करोगात यातलं नेमकं कोण बिघडलं, याचा माग आता संगणकावर काढला जातो. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पात यकृताच्या शेकडो गाठींमधला आरएनए वाचलेला आहे. प्रत्येक एक्झॉन किती टक्के प्रतींत टिकला हे मोजायचं, गाठ आणि शेजारची ऊती यांची तुलना करायची, मग ज्या नियंत्रकाचं प्रमाण त्या बदलाबरोबर रुग्णागणिक वरखाली होतं तो हेरायचा. त्याच्या आवडीची अक्षरमाला त्या एक्झॉनच्या आसपास सापडली, तर संशय बळावतो.

संशयच, पुरावा नव्हे. गाठीत कर्कपेशींबरोबर रोगप्रतिकारक पेशीही असतात आणि त्यांची जोडणीची रीत निराळी असते. त्यांचं प्रमाण बदललं तरी आकडे हलतात. शेजारची ‘निरोगी’ ऊतीही बहुतेकदा हिपॅटायटिसने किंवा सिऱ्होसिसने पोखरलेली असते. एन्कोड प्रकल्पाने कितीतरी नियंत्रक आरएनएवर कुठे बसतात याचे नकाशे हेप-जी-२ या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या यकृत-गाठीच्या पेशींत काढले, ते फार मोलाचे आहेत. पण या पेशी ज्या गाठीतून आल्या ती प्रौढांमधल्या नेहमीच्या यकृत-कर्करोगाची नव्हती, ती हिपॅटोब्लास्टोमा या मुख्यतः लहान मुलांत आढळणाऱ्या यकृत-कर्करोगाची होती, हे पुढे २००९ साली स्पष्ट झालं.

एसआरएसएफ३ या नियंत्रकाची गोष्ट तर प्रत्येक संशोधकाने लक्षात ठेवावी अशी आहे. २०१० साली तो कर्करोगाला हातभार लावणारा म्हणून पुढे आला: अनेक प्रकारच्या गाठींत त्याचं प्रमाण वाढलेलं होतं आणि तो वाढवला की पेशी बेबंद वाढत. त्यानंतर निकोलस वेबस्टर यांच्या गटाने उंदरांच्या यकृतपेशींतूनच तो काढून टाकला. यकृतपेशींची घडण आणि चयापचय बिघडले, वय वाढलं तसं यकृत जरठ झालं, आणि २०१५ च्या त्यांच्या निबंधानुसार उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. एका अवयवात गुन्हेगार ठरलेलं प्रथिन दुसऱ्यात राखणदार निघालं. इतर कर्करोगांच्या आकडेवारीवर विसंबून कुणी यकृतात त्याला रोखणारं औषध दिलं असतं, तर?

हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. जोडणी बदलणारं नुसिनर्सन हे औषध पाठीच्या कण्यातील स्नायू-क्षीणतेच्या आजारासाठी २०१६ साली मंजूर झालं, आणि त्याच जातीचे रेणू रक्तातून दिले तर यकृतात सहज साठतात. म्हणून संगणकाने सुचवलेला प्रत्येक नियंत्रक आधी खऱ्या यकृतपेशींत कमी करून आणि वाढवून, मग प्राण्यांत तपासला जायला हवा. असल्या तपासाला वेळ आणि पैसा देणारे फार थोडे आहेत.